काठीवाल्याचा आवाज

शनिवार, १५ जून २०२४. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. ब्रिस्बेनपासून तासाभरावरच्या कनंग्रा गावच्या जुन्या सभागृहात 'टेन्थ लँडिंग' या मालिकेच्या चाहत्यांनी पडद्यावर सात सेकंदांची एक फीत दाखवली, आणि तिसऱ्या रांगेतली नोलीन ड्रिस्कॉल उठून उभी राहिली.

"बाई, बसा की खाली," मागून कुणीतरी म्हणालं. ती बसली नाही.

फितीत ओढ्याचं पात्र होतं. चिखलाने माखलेले तीन नट वर बघत मागे सरकत होते. जिथे डायनोसॉर असायला हवा तिथे गळ्यापासून घोट्यापर्यंत हिरवा पोशाख घातलेला एक उंच, किडकिडीत माणूस होता. त्याच्या हातात चार मीटरची काठी, काठीच्या टोकाला स्पंजचं डोकं, डोक्यावर रंगवलेले दोन डोळे. गुडघ्यांत वाकून, एकेक पाय जड टाकत तो दगडांवरून पुढे येत होता. त्याचं तोंड सारखं उघडत-मिटत होतं. वरून मालिकेचं शीर्षकसंगीत ढणढणत होतं. सभागृहात साठेक माणसं होती, ती खदाखदा हसली.

ग्लेन पेथब्रिज माइकवर होता. वय चौतीस, गावच्या वाचनालयात कामाला. मालिका लागली तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि त्यातून तो अजून बाहेर आलेला नव्हता. हा मेळावा त्यानेच भरवला होता. "हे महाशय कोण, ते आजवर कुणालाच माहीत नाही," तो म्हणाला. "आम्ही यांना नुसतं 'काका' म्हणतो."

"नेव्हिल ड्रिस्कॉल," नोलीन म्हणाली. "माझा नवरा. सप्टेंबरमध्ये गेला."

हसणं एकदम थांबलं. चहाच्या टेबलाशी कुणाचा तरी चमचा खाली पडला.

"अरेरे. माफ करा, मला खरंच..."

"माफी राहू दे. ते गाणं बंद कर आणि परत लाव. तो बोलतोय. मला ऐकायचंय."

ग्लेनने माइक खाली घेतला. "आवाजच नाहीये हो त्यात. फीत मुकीच आली होती. बरं दिसावं म्हणून गाणं मी टाकलं."

मालिका पुरतं एक वर्षही टिकली नाही. २०११च्या मे ते ऑक्टोबर असे एकाहत्तर दिवस कनंग्रामागच्या घळीत चित्रण चाललं. गोष्ट साधी होती: बुडत्या पृथ्वीवरून निघालेलं एक यान भलत्याच ग्रहावर कोसळतं आणि तिथे डायनोसॉर अजून जिवंत असतात. अकरा भाग तयार झाले, नऊ दाखवले गेले. आधी रविवारी संध्याकाळी लागायची, मग बुधवारी, मग कधी लागते ते नटांच्या घरच्यांनाही सांगता येईना. जनावरं संगणकावर चितारायला इतका वेळ लागे की एक भाग प्रसारणाच्या आदल्या दुपारी पोचला होता. मार्च २०१२मध्ये, दुसऱ्या वर्षासाठी यानाच्या सांगाड्याची डागडुजी चालू असताना, फोन आला आणि कारभार आटोपला. सांगाड्याच्या फळ्या आसपासच्या लोकांनी नेल्या. लॅमिंग्टनच्या रस्त्यावर एका गोठ्याचं दार आजही अंतराळयानाचं आहे. गायींना त्याचं काही वाटत नाही.

नोलीन त्या मालिकेत कंटिन्युइटी बघत असे. पेला कुठल्या हातात होता, केस कानामागे होते की पुढे, शर्टाचं कितवं बटण उघडं होतं, हे दर चित्रणाला लिहून ठेवायचं. तीस वर्षं तिने हेच केलं. नेव्ह मूळचा लाकूड गिरणीतला. गिरणी बंद पडली तसा तो बायकोच्या मागोमाग सेटवर सुतार म्हणून आला. पहिल्याच आठवड्यात ठरलेला काठीवाला शेवाळावरून घसरून पाय मोडून बसला, आणि ओल्या दगडांवर डोक्यावरून ओंडके वाहिलेला एवढा एकच माणूस तिथे होता. काठी त्याच्या हाती आली ती राहिलीच. स्पंजच्या डोक्याला त्याने आपल्या आत्याचं नाव दिलं, बेरिल. "आत्या जेवायला बसली की अशीच दिसायची," म्हणे.

काठीवाल्याने बोलावं अशी अपेक्षा नसते. त्याने जनावराच्या उंचीवर डोकं धरायचं, म्हणजे नटांच्या नजरा एका जागी लागतात. पण स्पंजकडे बघून माणूस घाबरणार किती? म्हणून नेव्ह बोलत असे. "इकडे बघ. माझ्या डोळ्यांत. आता खाली बघ, तुझा पाय खातोय मी." कुणी अगदीच थंड पडला तर जेवणाला काय आहे ते सांगायचा. "पोरांनो, आजही कालचंच स्ट्यू." मग चेहऱ्यांवर जी धास्ती उमटायची ती अभिनयाची नसायची.

२०१५मध्ये त्याच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागलं. पुढची आठ वर्षं तो गळ्याला एक यंत्र लावून बोलला. दाढीच्या मशीनएवढं होतं ते, आणि त्यातून निघायची ती घरघर, एका सुरातली. नेव्हने त्याचीही मजा केली. दारावर कुणी नकोसा आला की मुद्दाम यंत्राने बोलायचा. नोलीनला घरघरीची सवय झाली. सवय इतकी झाली की सप्टेंबरमध्ये तो गेल्यावर एक गोष्ट तिच्या लक्षात आली आणि ती तिने कुणालाही सांगितली नाही. नेव्हचं कुठलंही जुनं बोलणं आठवलं, अगदी लग्नाच्या दिवशीचं, तरी ते त्या यंत्रातूनच ऐकू यायचं. शब्द सगळे होते. आवाज गेला होता.

लग्नाची फीत, जुने फोन, संगणक, सगळं २०२२च्या पुरात गाळात गेलं. फोटो मुलीकडे होते म्हणून वाचले. फोटोत नेव्ह चांगला दिसतो. त्यानंतरच्या फोनवर जे आहे त्यात तो घरघरतो.

सभागृहातून घरी जाताना तिने ग्लेनकडून फीत देणाऱ्याचं नाव घेतलं. हेमी पाराओने, वेलिंग्टन. रविवारी सकाळी तिने फोन लावला.

"तुम्ही त्यांच्या कोण?" हेमीने विचारलं.

"बायको."

"मी तुमच्या नवऱ्याला सात महिने पुसत होतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"काठी असलेलं चित्रण कधीकधी चांगलं उतरायचं. नट खरे घाबरलेले असायचे. मग तेच वापरायचं ठरायचं, आणि त्यातून तुमचे मिस्टर काढायला आमच्याकडे यायचं. सेकंदाला चोवीस चित्रं. प्रत्येकातून तो वेगळा पुसायचा, मागे फर्नची पानं भरायची. त्यांचा डावा कान जरा बाहेर होता ना? तो नेहमी पानांत राहून जायचा. मी कान सगळ्यांत शेवटी ठेवायचो."

"डावा?"

"डावाच. त्या कानात मी स्वप्नातही फर्न भरलेत."

नोलीनला वाटायचं दोन्ही कान सारखे होते. तिने तीस वर्षं परक्यांचे केस कानामागे की पुढे ते लिहिलं होतं.

"त्यात बोलणं होतं का काही?"

"चित्रं आमच्याकडे मुकीच यायची. मला कायम वाटायचं, हा माणूस एवढं काय बोलतो? आम्ही पैजा लावायचो. एक जण म्हणायचा गाणं म्हणतोय." तो अडखळला. "तुम्ही कंपनीच्या भांडारात विचारा. मूळ सगळं आम्ही परत पाठवलं होतं. ही सात सेकंदं मी चोरून ठेवली, माझ्या कामाचा नमुना म्हणून."

मालक कंपनी समुद्रापलीकडची. नोलीनने पत्र लिहिलं, त्यात चित्रणाचे दिवस, भागांचे क्रमांक, सगळं नीट मांडलं. ९ जुलैला उत्तर आलं. भाषा सभ्य होती. शोक व्यक्त केला होता. काठी असलेलं कुठलंही मूळ चित्रण जपलेलं नाही, आणि तसा निर्णय चित्रणस्थळी तयार झालेल्या यादीनुसार घेतला होता, असं लिहिलं होतं. यादी सोबत जोडली होती. अडतीस पानं.

पहिलं पान उघडताच तिने अक्षर ओळखलं. सात या आकड्याला आडवी रेघ द्यायची तिची सवय होती.

मालिका बंद झाल्याचा फोन आला त्याच आठवड्यातली ती गोष्ट. काय ठेवायचं आणि काय नाही ते कळवा, असा निरोप आला होता, आणि प्रत्येक चित्रणाची नोंद फक्त नोलीनकडे होती. या धंद्यात एक रीत आहे. जनावराचं दृश्य दोनदा घेतात, एकदा काठीसह, एकदा काठीशिवाय. पहिलं नटांच्या नजरेसाठी, दुसरं खरं. काठीसह घेतलेलं 'संदर्भ' म्हणून नोंदतात आणि काम झालं की टाकून देतात. कुणीही तेच केलं असतं. नोलीनने चार दिवस सेटवरच्या गाडीतल्या कचेरीत बसून एकेक ओळ तपासली. 'ठेवणे' या रकान्यात काठीशिवायच्या चित्रणांपुढे 'हो' लिहिलं. काठीसह असलेल्यांपुढे 'नाही'. जी हेमीकडून पुसून आली होती त्यांचं पुसलेलं रूप 'हो', मूळ 'नाही'.

चौथ्या दिवशी दुपारी नेव्ह तिच्यासाठी चहा घेऊन आला होता. तिच्या खांद्यावरून त्याने कागद वाचला.

"हे सगळे 'नाही' म्हणजे मी का गं?"

"तू आणि बेरिल."

"बेरिलला वाईट वाटेल."

"नेव्ह, काम करू दे मला. एकदोन ठेवायचे असतील तर सांग, मी 'हो' करते. कुणी बघत नाही."

"कशाला? लिही, लिही 'नाही'. मी घरीच आहे की."

आणि तिने लिहिलं. यादीत चूक एकही नव्हती. ९ जुलैच्या दुपारी तिने ते 'नाही' मोजायला घेतले. सहाशे बारा झाले. एकाही ठिकाणी पेन अडखळलेलं दिसत नव्हतं.

मुलगी टेगन दूर पश्चिमेला कालगुर्लीच्या खाणीवर गाड्या चालवते. तिला नोलीनने फोन केला.

"आई, तुला तेव्हा काय माहीत होतं?"

"माहीत नव्हतं, पण विचारलं होतं त्याला. म्हणजे मनात आलं होतं."

"बाबा काय म्हणाले?"

"घरीच आहे म्हणाला."

पलीकडून टेगनचं नाक ओढणं ऐकू आलं. "बाबा ना, एक नंबरचे..." ती म्हणाली आणि पुढचा शब्द तिने गिळला.

आवाजाचं नोलीनच्या ध्यानात उशिरा आलं, आणि तिला स्वतःचा राग आला. धंद्यातली बाई, चित्र आणि आवाज वेगवेगळे घेतात हे तिला कुणी शिकवायला हवं होतं? आवाज घ्यायला वॉली टिंडल होता. आता एकोणऐंशी वर्षांचा, बीचमाँटच्या डोंगरावर एकटा राहतो. तिथे वर्षातले निम्मे दिवस धुकं घरात शिरतं. २० जुलैला ती गाडी घेऊन वर गेली.

वॉली दारातच कुत्र्याला ओरडत होता. त्याच्या दोन्ही कानांत यंत्रं होती.

"कोण? नोल? अगं, तू म्हातारी झालीस!"

"तू नाही झालास वाटतं."

"काय?"

"म्हटलं, तू नाही झालास!"

"मी झालो की! मला कुठे लपवायचंय?"

तिने आत बसून सगळं सांगितलं, मोठ्याने, दोनदा. वॉलीने मान हलवत ऐकलं.

"काठीच्या चित्रणाला तुझ्या कागदावर काय असायचं?" त्याने विचारलं.

"मूक. आवाज घेतला नाही."

"तुझ्या कागदावर. मी यंत्र बंदच करत नसे, नोल. सारखं चालू-बंद कोण करणार? शिवाय नटांच्या छातीवरचे माइक नीट बसलेत का ते मला तेव्हाच कळायचं. तुझा नवरा तिकडे जनावर व्हायचा, आणि मी इकडे कानाला लावून हसायचो." त्याने कुत्र्याला पायानेच बाजूला सारलं. "दिग्दर्शकाला कळलं असतं तर त्याने मला तुझ्या त्या बेरिलला खाऊ घातलं असतं."

"ते आहे कुठे?"

"शेडमध्ये. रोजच्या रोज आवाजाच्या दोन डीव्हीडी चकत्या काढायचो मी. कंपनीला एक, मला एक. कंपनीच्यात तुझ्या कागदाप्रमाणे मूक ते कापलेलं. माझ्यात सगळं."

शेडमध्ये आइसक्रीमचे सहा डबे होते. चकत्या अडुसष्ट निघाल्या. तीन दिवसांच्या कुठे गेल्या ते वॉलीला आठवेना. नोलीनने पहिला डबा उघडला. चकत्यांच्या कडांवर पांढरट बुरशी चढली होती, काहींवर आत मधोमध, कोळ्याच्या जाळ्यासारखी. वॉलीने एक उजेडात धरली आणि बोटाने पुसली. बुरशी पुसली गेली नाही.

"डोंगरावर राहू नये," तो म्हणाला.

जाताना त्याने डबे गाडीत ठेवायला मदत केली. मग खिडकीशी वाकला.

"एक सांगतो. काही निघालं तर माझ्याकडे आणू नकोस. मला फार वाईट वाटेल. पूर्वी मी तुम्हा सगळ्यांना डोळे मिटून ओळखायचो, नुसत्या श्वासावरून. आता किटली शिट्टी मारते तेही मला वाफेवरून कळतं."

ब्रिस्बेनमध्ये खराब झालेल्या चकत्या वाचणारी एक तज्ज्ञ बाई होती. तिने आधीच सांगितलं की आशा धरू नका. दहा आठवडे लागले. शुक्रवार, ४ ऑक्टोबरला अहवाल आला. अडुसष्टपैकी सदुसष्ट वाचता आल्या नाहीत. एक अर्धवट वाचता आली: चित्रणाचा त्रेचाळिसावा दिवस. तिच्यातून चार मिनिटं अकरा सेकंदांचा एक सलग तुकडा निघाला होता. त्यात पुरुषाचा एक आवाज आहे, माइकपासून दूर, असं बाईने लिहिलं होतं. तो कुणाचा, हे तिला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

नोलीनने तो स्वयंपाकघरात ऐकला, सकाळी अकरा वाजता, टेबलावर हात ठेवून.

आधी जनित्राची गुणगुण. एका नटीचा श्वास, अगदी जवळ, कारण माइक तिच्या छातीवर होता. रानातून एका पक्ष्याचा चाबूक ओढल्यासारखा फटकारा. एकोणिसाव्या सेकंदाला दुरून एक पुरुष म्हणतो, "इकडे बघ." मग, "माझ्या डोळ्यांत. हां. आता खाली." मग तो गुरगुरतो, बराच वेळ. गुरगुर खोकल्यात संपते. सगळे हसतात. तो म्हणतो, "हसू नका रे, परत करावं लागेल." पुन्हा गुरगुर. मग कुणीतरी "पुढे चला" असं ओरडतं आणि तुकडा संपतो.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो नेव्ह होता. दुसऱ्यांदाही तोच. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून ऐकलं आणि तिला वाटलं, 'हसू नका' हे नेव्हने असं म्हटलं नसतं. शेवट वर उचलला नसता. म्हटलं असतं का? ती आठवायला गेली की यंत्राची घरघर मध्ये यायची. चौथ्यांदा तो आवाज अनोळखी माणसाचा होता. सातव्यांदा परत नेव्हचा.

मग तिने अहवालातला दिवस पुन्हा पाहिला. त्रेचाळीस. यानाच्या दारापाशी दोन जनावरं येतात तो प्रसंग. ज्या दिवशी पडद्यावर दोन जनावरं असत त्या दिवशी काठीवालेही दोन असत. दुसरा डार्सी मॅकनॉट, बंदराकडचा पोरगेलासा माणूस, उंच, सिगारेट ओढणारा. ते काम त्याला नेव्हनेच शिकवलं होतं. काय बोलायचं तेही. "इकडे बघ, माझ्या डोळ्यांत, आता खाली," हे दोघेही म्हणायचे. कुठल्या वेळी कोण पुढे होतं याचा तक्ता नोलीननेच भरला होता. तो कंपनीने पाठवलेल्या पानांत नाही. तिची प्रत पुरात गेली.

रविवारी तिने टेगनला फोनवरूनच ऐकवलं. दुसरं काही सांगितलं नाही. डार्सीचं नाव घेतलं नाही. फोन स्पीकरपाशी धरला आणि घड्याळाकडे बघत राहिली.

"बाबाच आहेत," टेगन म्हणाली. ती रडत होती. "आई गं. बाबाच."

माणसाचा आवाज एकोणिसाव्या सेकंदाला सुरू होतो. टेगन हे बाराव्या सेकंदाला म्हणाली.

नोलीनने तिला सांगितलं नाही. "हो गं," म्हणाली. "मलाही तसंच वाटतं."

"मला पाठव ना. मी पोरांना ऐकवते. त्यांना आजोबांचा आवाज माहीतच नाही, त्यांना वाटतं आजोबा रोबो होते."

"पाठवते."

तिने पाठवला नाही. आठवड्याने टेगनने विचारलं तेव्हा म्हणाली, फाइल मोठी आहे, जात नाहीये. त्यानंतरच्या आठवड्यातही तेच. नातवंडांना एखादा आवाज आजोबांचा म्हणून दिला की तो त्यांच्या जन्माचा झाला. भलत्याच माणसाचा आवाज तिला नेव्हच्या नावावर लिहायचा नव्हता. एकदा खात्रीने लिहून तिने काय केलं होतं ते तिच्यापाशी होतं, अडतीस पानांत.

ग्लेन मेळाव्यानंतर दर गुरुवारी येऊ लागला होता. येताना केक आणायचा, गवत कापून द्यायचा, मालिकेबद्दल विचारायचा. सुरुवातीला तिला त्याचा त्रास वाटे. मग गुरुवारी ती दोन कप काढून ठेवू लागली. तिने त्याला तुकडा ऐकवला, आणि यावेळी सगळं सांगितलं.

ग्लेनने दोनदा ऐकला. "तुम्हाला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"सकाळी वाटतं तो आहे."

"आणि मग?"

"मग दिवस चढतो, तसं वाटेनासं होतं."

"समजा हा तो दुसरा निघाला. मग काय कराल?"

"मग निदान कळेल की नाहीये. आत्ता मी रोज एकदा ऐकते आणि रोज मला भीती वाटते की, ग्लेन, मी या माणसाची सवय करून घेतेय. महिनाभर आणखी ऐकलं की मला नेव्ह असाच बोलायचा असंच वाटायला लागेल. कुणी का असेना."

"मग ऐकू नका."

"तू लग्न केलेलं नाहीस ना?"

"नाही."

"हं."

डार्सीला शोधायचं काम ग्लेनने अंगावर घेतलं. वाचनालयातल्या माणसाला हे जमतं. चार्टर्स टॉवर्स गावी डार्सीची बहीण सापडली. डार्सीने सेटवरचं काम केव्हाच सोडलं होतं. तो कोळंबीच्या बोटीवर होता, उत्तरेच्या आखातात, ऑगस्टपासून. हंगाम संपेपर्यंत बोटी परतत नाहीत. बोटीवर उपग्रहाचा फोन होता, पण त्यावरून चार शब्द बोलता येतात, आवाजाचा तुकडा पाठवता येत नाही.

बहीण मोकळ्या स्वभावाची होती. "विचारते मी त्याला," ती म्हणाली. "पण त्याला काल काय खाल्लं ते आठवत नाही, हां."

शुक्रवार, २२ नोव्हेंबरला तिचा फोन आला. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. डार्सीशी बोलणं झालं होतं. नेव्ह गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. ऐकून तो म्हणाला की काठी कशी धरायची ते त्याला त्या माणसाने शिकवलं, आणि गुरगुरायचं कसं तेही. त्रेचाळिसावा दिवस त्याला आठवत नाही. दोन जनावरांचे दिवस पुष्कळ होते. पण स्वतःचा आवाज माणूस ओळखतोच, ऐकला की लगेच सांगेन, असं त्याने कळवलं आहे.

बोट नोव्हेंबरअखेर कारुंबा बंदरात यायची आहे. ती अजून लागलेली नाही.